चिखल्या बऱ्या झाल्या, पावलावरचं पुरळ मात्र गेलं नाही

पायावर एकाच वेळी दोन आजार असू शकतात, आणि एकाचा पुरावा हाती आला की दुसऱ्याचा शोध तिथेच थांबतो. पुढच्या प्रकरणात नेमकं हेच झालं. यातला रुग्ण ही कुणी एक व्यक्ती नाही. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार दिसणाऱ्या तक्रारींवरून हे चित्र जुळवलं आहे. औषधांच्या मात्रा, मुदती आणि तपासण्या मात्र प्रत्यक्ष उपचारात असतात तशाच आहेत.

तक्रार

४४ वर्षांचे गृहस्थ, यंत्रशाळेत फिटर. रोज दहा तास पोलादी नाकाचे सेफ्टी बूट पायात, संध्याकाळपर्यंत मोजे ओलेचिंब. आठ महिन्यांपूर्वी उजव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात खाज सुरू झाली. तिथली कातडी पांढरी पडून फुगायची, ओढली की सालीसारखी निघायची आणि खाली लालसर ओल दिसायची. चिखल्या, म्हणजे बेचक्यातली बुरशी, झाल्या म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून एक मलम आणलं. त्यात तीन औषधं एकत्र होती: क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे अतितीव्र स्टिरॉइड, निओमायसिन हे प्रतिजैविक आणि मायकोनॅझोल हे बुरशीनाशक. तीन दिवसांत खाज थांबली, तसं मलमही थांबलं. दहा-बारा दिवसांनी खाज परत आली, या वेळी शेजारच्या बेचक्यातही. पुन्हा मलम, पुन्हा तीन दिवसांचा आराम. हा फेरा पाच महिने चालला. तेवढ्यात तळव्याला कोरडा कोंडा धरला आणि डाव्या अंगठ्याच्या नखाची कड पिवळी पडून जाड झाली.

तीन महिन्यांपूर्वी दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला पुरळ उठलं. सुरुवात अंगठ्यांच्या पाठीवर, मग बाकीच्या बोटांवर आणि तिथून बुटाची नाडी येते तिथपर्यंत. चिखल्याच वर सरकल्या अशी त्यांची समजूत झाली आणि तेच मलम तिथेही चोळणं सुरू झालं.

हे वरचं पुरळ येण्याआधी पाच आठवडे त्यांना कामावर नवे बूट मिळाले होते. पहिल्या भेटीत हा विषय निघालाच नाही. त्यांनी सांगितला नाही, कुणी विचारला नाही.

पहिली तपासणी

दोन्ही पायांची तिसरी आणि चौथी बेचकी ओली, पांढरट, मधोमध चीर पडलेली. बुरशीची सुरुवात बहुतेकदा चौथ्या बेचक्यातच होते, कारण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना सर्वांत घट्ट चिकटलेली असतात आणि तिथे हवा पोचत नाही. उजव्या तळव्यावर टाचेपासून कडेपर्यंत बारीक पांढरा कोंडा होता, रेघांमध्ये पीठ भरल्यासारखा. पावलांच्या वर लाल, किंचित सुजलेले, जागोजागी खपली धरलेले चट्टे, दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. स्टिरॉइड महिनोन्‌महिने लावल्यामुळे त्या भागाची कातडी पातळ आणि चकचकीत झाली होती.

पायाच्या कोणत्याही पुरळात औषध लिहिण्याआधी जे पाहायचं असतं तेही पाहिलं. पावलावरच्या नाडीचे ठोके लागत होते. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा, म्हणजे संवेदना तपासायच्या नायलॉनच्या धाग्याचा, स्पर्श दोन्ही तळव्यांना कळत होता. रक्तातली साखर योग्य होती. मधुमेह असेल, पाय बधिर असतील किंवा रक्तपुरवठा कमी असेल, तर बेचक्यातली साधी चीरही जखम बनते आणि तिथून जंतू आत शिरून पोटरीपर्यंत सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, चढू शकतो. लाली तासागणिक वर सरकते आहे, पाय गरम आणि दुखरा आहे, ताप आहे, असं दिसलं तर मलमांची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवेत. दाबूनही न फिकटणारे जांभळे ठिपके नडगीवर दिसले तरीही तेच. ते रक्तवाहिन्यांच्या दाहाचं लक्षण असू शकतं.

बेचक्यातली प्रत्येक ओल बुरशीचीच असते असं नाही. कॉरिनेबॅक्टेरियम मिन्युटिसिमम या जिवाणूमुळे होणारा एरिथ्राझ्मा हुबेहूब चिखल्यांसारखा दिसतो, पण वूड्स लॅम्पच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याच्या, प्रकाशात तो पोवळ्याच्या रंगाचा चमकतो. ही चमक देणारा पदार्थ पाण्यात विरघळतो, त्यामुळे रुग्ण पाय स्वच्छ धुऊन आला असेल तर चमक दिसत नाही आणि निदान हुकतं. हिरवट झाक, उग्र वास आणि वेदना असतील तर स्यूडोमोनास या जिवाणूचा संशय घ्यायचा. या रुग्णाच्या बेचक्यांत दोन्हींपैकी काही दिसलं नाही.

खरवड

बुरशी आहे की नाही हे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तपासणीने, म्हणजे केओएचने, अर्ध्या तासाच्या आत कळतं. मात्र खरवड कुठून घेतली यावर सगळं अवलंबून असतं. बेचक्याच्या मधला पांढरा लगदा घ्यायचा मोह होतो, पण तो बहुतांशी पाण्याने फुगलेली मृत कातडी असतो. बुरशी वाढत असते कडेला, जिथे ओल संपून कोरडा कोंडा सुरू होतो तिथे. जागा स्पिरिटने पुसायची, वाळू द्यायची, १५ क्रमांकाच्या ब्लेडची धार कातडीला काटकोनात धरून बाहेरच्या दिशेने हलकेच खरवडायचं. कोंडा काचपट्टीवर घेऊन १० टक्के केओएचचे एक-दोन थेंब टाकायचे. नखाच्या चुऱ्याला २० टक्के लागतं. वर कव्हरस्लिप ठेवून काच नुसती कोमट करायची, उकळी आली की स्फटिक होतात आणि काही दिसेनासं होतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घ्यायचा, आधी १० पट आणि मग ४० पट भिंगाखाली पाहायचं. बुरशीचे तंतू सरसकट एकाच जाडीचे, फांद्या फुटलेले, आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले असतात आणि पेशींच्या सीमा ओलांडून सरळ पुढे जातात. पेशींच्या सीमारेषांची जाळी मात्र प्रत्येक कोपऱ्याला वळते. नवशिक्याला ही जाळीच तंतू वाटते. मोज्याचा सुती धागाही फसवतो, पण त्याची जाडी असमान असते आणि त्यात कप्पे नसतात.

या रुग्णाची बेचक्यातली खरवड, तळव्यावरचा कोंडा आणि नखाच्या खालचा चुरा, तिन्हींत तंतू भरपूर दिसले. स्टिरॉइड लावलेल्या कातडीत ते नेहमीपेक्षाही जास्त सापडतात, कारण बुरशीला आवरणारी प्रतिकारशक्तीच स्टिरॉइडने झोपवलेली असते. खाज आणि लाली ही बुरशीची नव्हे, शरीराने तिला दिलेल्या उत्तराची लक्षणं. उत्तर थांबलं की आराम वाटतो आणि बुरशी निवांत पसरते. नायट्याची ओळखीची गोल, उठावदार कडही पुसट होते. अशा वेष पालटलेल्या नायट्याला १९६८ साली ‘टिनिया इनकॉग्निटो’ हे नाव मिळालं. मिश्र मलमातलं बुरशीनाशकही अशा वेळी कामी येत नाही, कारण ते तीन दिवस लावून सोडलं जातं.

पावलाच्या वरच्या पुरळातून खरवड घेतली गेली नाही. तीन ठिकाणी बुरशी सापडली होती, चौथ्या ठिकाणी वेगळं काय असणार, असा तर्क झाला. या प्रकरणातली मुख्य चूक ती हीच.

पहिले तीन आठवडे

मिश्र मलम बंद केलं. टर्बिनाफिन या बुरशीनाशकाचं १ टक्का क्रीम दिवसातून एकदा, बेचकी, तळवे आणि पावलाच्या वरही. नखात बुरशी असल्यामुळे यकृताच्या चाचण्या पाहून टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, बारा आठवडे. पायाच्या नखापर्यंत क्रीम पुरेसं झिरपत नाही, आणि नख तसंच सोडलं तर तिथली बुरशी बेचक्यांत उतरत राहते. गोळी चालू असताना लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं किंवा तोंडाची चव जाणं यांपैकी काही झालं तर गोळी थांबवून लगेच कळवायचं, हे समजावून सांगितलं.

क्रीम किती लागतं याचा हिशेब लोकांना क्वचितच कुणी सांगतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या एका पूर्ण पावलाला अशा दोन रेघा लागतात, म्हणजे १ ग्रॅम. दोन्ही पावलांना दिवसातून एकदा लावलं तर दोन आठवड्यांचे २८ ग्रॅम होतात. क्लोट्रिमॅझोल निवडलं असतं तर ते दिवसातून दोनदा चार आठवडे लावावं लागलं असतं, म्हणजे ११२ ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब तिथे चार दिवसही पुरत नाही. एका ट्यूबमध्ये महिना काढला असं रुग्ण सांगतो, तेव्हा औषध निकामी ठरलं असं म्हणण्याआधी ते लागलंच नाही हे ओळखावं. फक्त बेचक्यांची बुरशी असेल तर मात्र टर्बिनाफिन एक आठवडाही पुरतं आणि क्रीमही थोडंच लागतं. डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत ते लावायचं, कारण कातडी निरोगी दिसते तिथेही तंतू पोचलेले असतात.

एकविसाव्या दिवशी बेचकी कोरडी आणि गुलाबी झाली होती, तळव्याचा कोंडा निम्म्याहून कमी होता. पावलांच्या वरचं पुरळ मात्र आधीपेक्षा लाल होतं. डाव्या अंगठ्याच्या पाठीवर बारीक फोड फुटून लस येत होती आणि रात्री झोप मोडावी इतकी खाज होती.

पुरळाची जागा काय सांगते

इथे औषध बदलण्याची घाई होते. टर्बिनाफिन जमलं नाही, आता इट्राकोनॅझोल हे दुसरं बुरशीनाशक देऊ, असा विचार मनात येतो. पण त्याच औषधाने त्याच पायाची बेचकी तीन आठवड्यांत साफ झाली होती. चार बोटांच्या अंतरावर तीच बुरशी औषधाला दाद देत नाही, हे पटण्यासारखं नाही.

मग उरल्या तीन शक्यता. क्लोबेटासोल एकाएकी बंद झाल्याने दाह उसळून आला असावा. किंवा लावलेल्या एखाद्या मलमाचीच ॲलर्जी असावी. किंवा हे पुरळ पहिल्यापासून बुरशीचं नव्हतंच. गोळीमुळे उठलेलं पुरळ असतं तर ते फक्त पावलांपुरतं राहिलं नसतं, छाती-पाठीवरही दिसलं असतं, म्हणून ती शक्यता मागे पडली. सोरायसिसची जाड रुपेरी खपली आणि ठसठशीत कड नव्हती, कोपर, गुडघे, डोक्याची कातडी स्वच्छ होती. तळव्याच्या कडांना कातडीत खोल रुतलेले टणक फोड येतात त्या पॉम्फोलिक्सचीही ही जागा नव्हे.

पुरळाचा नकाशा पुन्हा नीट पाहिला. बोटांच्या पाठी लाल, पण बोटं फाकवली की आतल्या फटी कोऱ्या. पावलाच्या वर लाली, पण ती बुटाच्या जिभेची कड येते तिथे जवळजवळ रेघ मारल्यासारखी थांबलेली. तळव्याची कमान स्वच्छ. दोन्ही पाय आरशातल्यासारखे एकमेकांशी जुळणारे. बुरशी फटींतून सुरू होते, बऱ्याचदा एका पायावर जास्त असते आणि बुटाची कड कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पायताणाच्या ॲलर्जीचं इसब बूट जिथे घासतो, दाबतो आणि घामाने भिजतो तिथेच उमटतं. अंगठ्याची पाठ ही त्याची आवडती जागा. बोटांच्या फटींत बूट पोचत नाही, म्हणून त्या वाचतात.

वरच्या पुरळातून दोन वेगवेगळ्या जागांची खरवड घेतली. दोन्हींत बुरशी नाही. इथे सावध राहावं लागतं, कारण बुरशीनाशक लावल्यावर बुरशी असूनही खरवड कोरी येऊ शकते. नुसत्या या निकालावर निदान उभं राहिलं नसतं. नकाशा आणि खरवड दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते म्हणून त्याला वजन आलं.

आता प्रश्न वेगळे विचारले. हे बूट केव्हापासून? त्याआधी कोणते? सुट्टीत काय होतं? उत्तरांतून पाच आठवड्यांचा हिशेब बाहेर आला. साप्ताहिक सुट्टीच्या एका दिवसाने काही फरक पडत नसे, पण मध्यंतरी बारा दिवसांची रजा झाली होती आणि तेव्हा सगळा वेळ उघडी चप्पल होती. वरचं पुरळ त्या काळात निम्मं उतरलं होतं, बेचकी मात्र तशीच राहिली होती. कामावर परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज सुरू. संपर्काची ॲलर्जी अशीच वागते. पहिल्यांदा ती जडायला निदान दहा-चौदा दिवस लागतात, कधी वर्षंही जातात. एकदा जडली की पुढच्या प्रत्येक संपर्कानंतर २४ ते ७२ तासांत पुरळ उठतं. हा मधला वेळच लोकांना चकवतो, कारण सोमवारी घातलेल्या बुटाचा संबंध बुधवारच्या खाजेशी कुणी लावत नाही. एका दिवसाची सुट्टी निरुपयोगी ठरते तीही म्हणूनच: चेतलेला दाह निवायला आठवडे लागतात.

लस थांबवणं आणि दाह उतरवणं

लस येणाऱ्या जागी घट्ट मलम बसत नाही. आधी ती सुकवावी लागते. पोटॅशियम परमँगनेटचं १:१०,००० द्रावण, म्हणजे १ लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम. ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर ती ४ लिटर पाण्यात. रंग फिका गुलाबी हवा. जांभळा झाला तर द्रावण तीव्र आहे आणि कातडी भाजेल. एकही कण न विरघळता उरता कामा नये, तो जिथे टेकतो तिथे खोल डाग भाजतो. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पाय बुडवायचे, नखं तपकिरी होऊ नयेत म्हणून त्यांना आधी पेट्रोलियम जेली लावायची. हे द्रव्य पोटात गेलं तर घातक आहे, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. चौथ्या दिवशी लस थांबली, त्याच दिवशी भिजवणंही थांबवलं. पुढेही भिजवत राहिलं असतं तर कातडी कोरडी पडून फुटली असती.

घरी ते रात्री सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय शेकत होते. गरम पाण्याने खाज काही मिनिटं मरते, पण कातडीतलं तेल निघून जातं आणि दाह वाढतो. ते बंद केलं.

मग मोमेटासोन ०.१ टक्का, फक्त पावलांच्या वर, दोन्ही मिळून दिवसाला १ ग्रॅम, रात्री एकदा, दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, मग बंद. महिनोन्‌महिने स्टिरॉइडने छळलेल्या पायावर पुन्हा स्टिरॉइड कसं, असं रुग्णाने विचारलं. रास्त प्रश्न. इसबावर ठरलेल्या मुदतीसाठी लावलेलं स्टिरॉइड हा उपचार आहे आणि तेच बुरशीवर लावणं म्हणजे तिला मोकळं रान. ट्यूबवर रेघ मारून ‘बेचक्यांत नाही’ असं लिहून दिलं. सकाळी मऊपणासाठी सुगंध नसलेलं पांढरं पॅराफिन. बेचक्यांत आणि तळव्यावर टर्बिनाफिन क्रीम आणखी एक आठवडा, गोळी चालूच.

आणि बूट बंद. काम बसून करण्याच्या विभागात तीन आठवड्यांसाठी बदली मिळावी म्हणून वैद्यकीय पत्र दिलं. हे पत्र नसतं तर बाकी उपचारांना अर्थ नव्हता.

पॅच टेस्ट

बुटाची ॲलर्जी एवढं निदान पुरत नाही, कारण नवे बूट घेताना काय टाळायचं हे त्यातून कळत नाही. बुटात संशयित अनेक. कातडं कमावायला क्रोमियमचे क्षार वापरतात. ते त्रिसंयुजी असतात, पण त्यातला काही भाग षट्संयुजी होतो, घामात उतरतो आणि ॲलर्जी देतो. म्हणूनच युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून कातडी वस्तूंतल्या षट्संयुजी क्रोमियमला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. शिवाय रबर लवकर पिकावं म्हणून घातलेली थायुरॅम, कार्बामेट आणि मर्कॅप्टो गटातली रसायनं, थर चिकटवणाऱ्या गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिन, राळ आणि कापडी अस्तराचे रंग.

संशयित द्रव्यं पाठीवर चिकटवून ॲलर्जी कशाची ते पाहायचं, ही पॅच टेस्ट. ती इसब शांत झाल्यावरच घेतली. अंगभर दाह पेटलेला असताना पाठ सगळ्यालाच लाल होऊन उत्तर देते. आदल्या आठवड्यात पाठीवर स्टिरॉइड लावलेलं नको, पोटातून स्टिरॉइड चालू नको. पाठीच्या वरच्या भागात छोट्या कप्प्यांतून द्रव्यं चिकटवली: पोटॅशियम डायक्रोमेट ०.५ टक्के, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल २ टक्के, गोंदाचं रेझिन १ टक्का, राळ २० टक्के, निओमायसिन २० टक्के आणि मानक संचातली बाकीची. त्याबरोबर रुग्णाच्याच बुटाचे तुकडे. हा भाग वगळू नये, कारण कोणत्याही तयार संचात नसलेलं रसायन बुटात असू शकतं. बोटांवर येणारं अस्तर, त्यामागचा रबरी थर आणि जीभ, प्रत्येकाचा सुमारे एक सेंटिमीटरचा पातळ काप पाण्याने भिजवून लावला. काप जाड राहिला तर नुसत्या दाबानेच लाली उमटते आणि ती ॲलर्जी समजली जाते.

४८ तासांनी पट्ट्या काढल्या. त्या दोन दिवसांत पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असं काम करायचं नाही. पट्टीचा दाब ओसरायला अर्धा तास थांबून पहिलं वाचन, चौथ्या दिवशी दुसरं, सातव्या दिवशी तिसरं. पहिल्याच वाचनावर निकाल लिहिला असता तर तो चुकला असता. ४८ तासांना डायक्रोमेटच्या जागी हलकी लाली होती, ती चौथ्या दिवशी विझली. ती नुसती चुरचुर. मर्कॅप्टोबेन्झोथायाझोलच्या जागी उलट झालं: आधी लाली, चौथ्या दिवशी हाताला लागणारा उंचवटा आणि बारीक फोड, म्हणजे ‘दोन अधिक’ (++), स्पष्ट ॲलर्जी. बोटांवरच्या रबरी थराचा काप, तोही दोन अधिक. निओमायसिन सातव्या दिवशी उठलं, एक अधिक. हे द्रव्य उशिरा उमटण्यासाठी ओळखलं जातं.

म्हणजे संशय कातड्यावर होता आणि दोषी निघालं आतलं रबर. कातड्याऐवजी कापडी बूट आणले असते तरी नाकाचा आधार आणि चिकटवण तीच राहिली असती, पुरळही राहिलं असतं. निओमायसिनचा निकाल आणखी बोलका. महिनोन्‌महिने चोळलेलं मलम एका हाताने इसब दाबत होतं आणि दुसऱ्या हाताने ते पेटवत होतं.

बूट, मोजे आणि राहिलेली बुरशी

जाड सुती मोजे घातले की ॲलर्जी होणार नाही हा समज या प्रकरणात महाग पडला असता. घाम रबरातली रसायनं विरघळवतो आणि ओल्या मोज्यातून ती कातडीपर्यंत आणतो. उलट त्या बुटांत वापरलेल्या मोज्यांतही ती मुरलेली असतात, म्हणून जुने मोजे बुटांबरोबर टाकून दिले. नव्या बुटांसाठी कामावरच्या सुरक्षा विभागाला लेखी कळवलं: नाकाच्या आत आणि अस्तरामागे रबर नको, तळ पॉलियुरेथेनचा, जोड शक्यतो शिवलेले, आणि साहित्याची यादी निर्मात्याकडून लेखी. तोंडी ‘यात रबर नाही’ यावर विसंबता येत नाही, कारण विकणारा फक्त तळाचा विचार करून बोलतो.

एक नव्हे, दोन जोड घेतले. दहा तास भिजलेला बूट रात्रीत वाळत नाही, त्याला २४ ते ४८ तास लागतात. ओला बूट बुरशीलाही सोयीचा आणि घामात उतरणाऱ्या रसायनांनाही. मोजे दुपारी बदलायचे, ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवायचे. त्याहून कोमट पाण्यात मोजा स्वच्छ दिसतो, पण बुरशीचे बीजाणू टिकतात. आंघोळीनंतर पायाला वेगळा टॉवेल, प्रत्येक बेचकं फाकवून कोरडं करायचं. कपडे घालताना आधी मोजे, मग अंतर्वस्त्र. उलट क्रमाने पाय कपड्यातून जाताना बुरशी जांघेत पोचते. साधी टाल्कम पावडर बेचक्यांत भरू नये, ओलीने तिचा लगदा होऊन कातडी आणखी फुगते. घरातल्यांचेही पाय तपासले, कारण एकाच न्हाणीघरात बुरशी फिरत राहते.

बाराव्या आठवड्यात गोळी संपली, तेव्हा नखाची टोकाकडची कड अजून पिवळीच होती आणि उपचार फसला असं त्यांना वाटलं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष जातं. मुळाशी किती स्वच्छ नख आलं ते मोजायचं असतं. तिथे जवळजवळ चार मिलिमीटर नवं, पारदर्शक नख आलं होतं. पावलांचा वरचा भाग पूर्ण स्वच्छ, कातडीची चकाकीही ओसरलेली.

पाचव्या महिन्यातली तक्रार

पाचव्या महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी पुरळ पावलाच्या वर नव्हतं, तळव्यावर होतं: चवड्यावर आणि टाचेवर लाल, भेगाळलेलं, दोन्हीकडे सारखं. कमान कोरी, बोटांच्या खालच्या घड्याही कोऱ्या. घरच्यांनी चिखल्या परत आल्या म्हणून टर्बिनाफिन क्रीम सुरू करून दिलं होतं.

खरवड आधी घेतली, बुरशी नाही. मग नकाशा. बुटाचा जो भाग फक्त चवड्याला आणि टाचेला टेकतो आणि कमानीला टेकत नाही तो म्हणजे आतला पट्टा, इनसोल. बूट तेच होते, पण तळ कडक लागतो म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी वेगळा मऊ इनसोल विकत घेऊन आत घातला होता. तो फोम रबरचा निघाला. इनसोल काढून त्याजागी गोंद न लावता बसवलेला साधा नमद्याचा पट्टा घातला. मोमेटासोन या वेळी मलमाच्या स्वरूपात, कारण तळव्याच्या जाड कातडीत क्रीमपेक्षा मलम चांगलं उतरतं, रोज रात्री दोन आठवडे. अठराव्या दिवशी भेगा भरल्या. ॲलर्जी असलेल्या द्रव्यांची नावं आणि ती कशाकशात सापडतात याची छापील यादी त्यांच्याकडे होतीच. तीत हाताने एक ओळ वाढवली: ‘बुटात नंतर घातलेली कोणतीही वस्तू, आधी दाखवून.’